साथीनंतरची शाळा व मागे राहिलेले मूल



साथीचा रोग ओसरला म्हणजे गावोगावी एकच उद्गार ऐकू येतो : "आता सगळे पहिल्यासारखे होईल." दीर्घकाळ भीतीत काढलेल्या माणसाच्या तोंडी हा उद्गार स्वाभाविक आहे. परंतु शिक्षकाने त्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. पहिल्यासारखे म्हणजे कसे, असा प्रश्न त्याने स्वतःस विचारला पाहिजे. साथीपूर्वी ज्याच्या घरी पुस्तक होते, त्याला पहिल्यासारखे पुस्तक मिळेल. ज्याच्या घरी ते नव्हते, त्याचे घर पहिल्यासारखेच पुस्तकावाचून राहील. अशा वेळी ‘पूर्ववत होणे’ ह्याचा अर्थ, ज्याने त्याने आपापल्या जुन्या पायरीवर परत जाऊन उभे राहणे, एवढाच होतो.

साथ ही आपत्ती तर खरीच, पण चालत्या रीतीत पडलेला तो एक खंडही असतो. ह्या खंडात जुनी घडी क्षणभर मोडते, आणि ती पुन्हा घालताना थोडी निराळी घालता येते. कोविडच्या साथीनंतर भोर व वेल्हे (आताचा राजगड) ह्या डोंगरी तालुक्यांतील प्राथमिक शाळेने ही घडी कशी घालावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. रोग सर्वांना एकच. आघात मात्र सारखा नाही

रोगाचा जंतू माणसाची जात किंवा त्याची मिळकत पाहत नाही, असे आपण मुलांना सांगतो. ते खरेच आहे. परंतु दाटीने कोण राहते, पुरेसे अन्न कोणास मिळते, आजारात अंथरुणावर पडून राहणे कोणास परवडते व वैद्य कोणाच्या दारी येतो, ह्या गोष्टी समाज ठरवीत असतो.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ मुंबई बंदरातून आपल्या देशात शिरली. जूनमधील पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अतिशय संहारक ठरली. त्या साथीत हिंदुस्थानात सुमारे एक कोट वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि त्यामागे ही साथ हे एक प्रमुख कारण होते. त्या वर्षी मुंबई शहरातील नोंदींप्रमाणे ह्या साथीत युरोपीय लोकांत हजारी सुमारे ८.३ मृत्यू झाले. ज्यांना तेव्हाचे सरकारी कागद ‘कनिष्ठ जातींचे हिंदू’ म्हणत, त्यांच्यात हेच प्रमाण हजारी ६१.६ होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच रोगाने, एका वस्तीत दुसरीच्या सातपटींहून अधिक माणसे गेली. हा भेद जंतूने केलेला नाही. तो कोंदट खोल्यांनी, अर्धपोटी राहणीने आणि समाजाने पाडलेल्या अंतराने केला.

कोविडच्या साथीत हेच अंतर शाळेच्या दारी दुसऱ्या रूपाने दिसले. शाळा सर्वांचीच बंद झाली. शिक्षण मात्र सर्वांचे सारखे थांबले नाही.

२. विषमता आपोआप कमी होत नाही

मोठ्या साथीनंतर समाज आपोआप समतेकडे जातो, असा समज कोणी करून घेऊ नये. युरोपचा इतिहास ह्या बाबतीत उद्बोधक आहे. १३४८-४९ साली इंग्लंडमध्ये ‘काळा मृत्यू’ ह्या नावाने ओळखली जाणारी प्लेगची साथ आली व लोकसंख्येचा मोठा भाग नाहीसा झाला. शेतावर राबणारे हात कमी पडले, आणि उरलेल्या मजुरांना अधिक मजुरी मागण्याची संधी प्रथमच मिळाली. तेव्हा जमीनदारांच्या पार्लमेंटने १३५१ साली कायदा करून मजुरी साथीपूर्वीच्या दरावर बांधून ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या दृष्टीने ‘पहिल्यासारखे होणे’ ते हेच. पुढे कालांतराने मजुरी वाढली. परंतु संधी निर्माण होते त्याच वेळी ती मिटविण्याची खटपटही सुरू होते, हा धडा त्यातून घ्यावा.

आपल्याकडेही असेच दिसते. विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला, तो १९१८ सालीच. परंतु ती मुभा नगरपालिकांपुरती होती. खेड्यांतील लोकल बोर्डांकडे ती पोहोचण्यास १९२३ चा कायदा व्हावा लागला. हक्क आधी शहरात येतो आणि डोंगराच्या पायथ्याशी तो उशिरा पोहोचतो, ही आपल्या भागाची जुनी कहाणी आहे.

म्हणून साथीनंतर काय घडले, ह्यापेक्षा कोणी काय ठरविले, हे पाहणे अधिक उपयुक्त आहे. असे ठरविणारी माणसे आपल्या परिसरात होऊन गेली आहेत.

३. परिसरातील तीन दाखले

पहिला दाखला सावित्रीबाई फुले ह्यांचा. त्यांचे जन्मगाव नायगाव हे भोरच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यात आहे. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविण्याच्या कामी पुढाकार घेतला. पुढे १८९६ च्या अखेरीस मुंबईतून पुण्यात प्लेग आला. त्या वेळी सावित्रीबाई ६६ वर्षांच्या होत्या. त्यांनी आपला डॉक्टर पुत्र यशवंत ह्यास बोलावून घेतले व हडपसरच्या बाजूस माळरानावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलास त्यांनी स्वतः पाठीवरून दवाखान्यात आणले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ह्याच सेवेत त्यांना रोगाची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. सर्वांत दूर असलेल्या मुलाकडे प्रथम जावे, हा त्यांच्या कृतीचा अर्थ शिक्षकाने विसरू नये.

दुसरा दाखला महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचा. विधवांसाठी त्यांनी १८९६ साली स्थापन केलेला आश्रम पुण्यातील प्लेगमुळे १९०० साली हिंगण्याच्या माळावरील झोपडीत हलविण्यात आला. संकटाने शहराबाहेर घालविलेले हे काम तेथेच रुजले आणि पुढे स्त्रीशिक्षणाचे मोठे केंद्र बनले. स्थलांतर ही केवळ तात्पुरती सोय न मानता तेथे नवे काही उभारता येते, हे ह्यावरून दिसते.

तिसरा दाखला कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचा. इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतरच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. ही संस्था साथीमुळे निघाली, असे म्हणता येणार नाही. परंतु साथ, महागाई व दुष्काळ ह्यांनी पिचलेल्या ग्रामीण समाजात ‘आधी सावरू, समतेचे मग पाहू’ असे त्यांनी म्हटले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

ह्या तिन्ही दाखल्यांतील माणसांपाशी फार मोठे अधिकार नव्हते. त्यांच्यापाशी निश्चय होता, आणि आरंभ कोठून करावयाचा ह्याची स्पष्ट दृष्टी होती.

४. शाळा बंद होत्या तेव्हा

९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोविडचे रुग्ण आढळले आणि त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुण्या-मुंबईत मजुरी, हमाली व लहानसहान नोकऱ्या करणारी कुटुंबे मावळातील आपल्या गावी परतली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकणकिनारा गाठला. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांतही घरांवरचे पत्रे उडाले. एका संकटात दुसऱ्याची भर पडली.

शासनाने दूरदर्शनवरील पाठ, भ्रमणध्वनीवरील अभ्यासमाला व ‘दीक्षा’ ॲप ह्यांच्या द्वारे शिक्षण चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक शिक्षकांनी ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात किंवा झाडाखाली चार-चार मुलांचे गट घेऊन शिकविले. त्यांचे श्रम विसरता येणार नाहीत. तथापि हिर्डस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ व कानद खोरे ह्या भागांतील डोंगरकुशीच्या वाड्यांची अडचण शिक्षकांस ठाऊक आहे. काही वाड्यांत रेंज नव्हती, तर काही घरांत एकच मोबाईल असून तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात असे. कातकरी वस्तीत व धनगरवाड्यावर अनेकदा तोही नसे. ज्या घरी शिकलेले वडीलधारे माणूस होते तेथे शाळा बंद असूनही अक्षर चालू राहिले. इतरत्र ते मिटत गेले.

आपल्या राज्यात ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने, म्हणजे, पहिले संपूर्ण वर्ष व दुसरीचे अर्धे वर्ष वर्गाचे तोंड पाहिले नाही. ते मूल पुढे वर्षावर्षाला वरच्या इयत्तेत गेले. २०२४-२५ मध्ये ते पाचवीत होते; २०२७-२८ मध्ये त्याचे आठवीचे वर्ष असेल. दरम्यान आपल्या राज्यात पाचवी व आठवीस पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. जे ह्या मुलास कधी शिकविलेच गेले नाही, त्यासाठी त्याने नापास व्हावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास फार अवधी उरलेला नाही. आठवीनंतर सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा संपते, आणि त्यासोबत आपल्या हातातील संधीही संपते.

५. उघडलेल्या शाळेतील तूट

शाळा उघडली म्हणजे तूट हळूहळू भरून निघेल, अशी आपली समजूत असते. अनुभव ह्याच्या उलट आहे. २००५ साली पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीर व लगतच्या डोंगरी भागात मोठा भूकंप झाला, व तेथील शाळा सरासरी सुमारे १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी अभ्यासकांनी मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा भूकंपाच्या पट्ट्यातील मुले इतरांपेक्षा सुमारे दीड वर्षाच्या शिक्षणाइतकी मागे असल्याचे आढळले. बुडाले होते ते तीन-साडेतीन महिने. तूट मात्र दीड वर्षाची झाली. अभ्यासकांनी सुचविलेले संभाव्य कारण असे की, शाळा उघडल्यावर शिक्षकांनी पुस्तक जेथे असावयास हवे होते तेथून पुढे शिकविले. मूल जेथे होते तेथून नव्हे. पहिली पायरी निसटलेल्या मुलास पुढच्या प्रत्येक पायरीवर अधिकाधिक अडखळावे लागले.

ह्या अभ्यासातील दुसरी गोष्ट आपणांस अधिक मोलाची आहे. ज्या मुलांच्या आईचे किमान प्राथमिक शिक्षण झाले होते, त्यांच्यात ही तूट जवळजवळ दिसलीच नाही. आईची चौथी-पाचवीपर्यंतची शाळा पुढच्या पिढीच्या आपत्तीत ढालीसारखी उपयोगी पडली. आज आपल्या वर्गातील जी मुलगी वाचू लागेल, ती उद्याच्या साथीत एका घराची शाळा चालू ठेवील. मुलींच्या शिक्षणाचा हा आधार कोणत्याही भाषणापेक्षा बळकट आहे.

आता आपल्या देशाकडे पाहू. ‘असर’ ह्या ग्रामीण पाहणीत तिसरीच्या मुलास दुसरीचा उतारा वाचता येतो का, हे तपासले जाते. २०१८ साली शंभरांपैकी सुमारे २७ मुलांस तो वाचता येत होता. साथीनंतर २०२२ साली हे प्रमाण २०.५ पर्यंत उतरले, आणि २०२४ साली ते पुन्हा सुमारे २७ वर आले. शिक्षकांनी मनावर घेतले तर घसरण थांबविता येते, हे ह्यावरून सिद्ध होते, व त्याचा सार्थ अभिमान वाटावा. परंतु ‘पूर्ववत होणे’ ह्याचा अर्थही ह्याच आकड्यात दडलेला आहे. पूर्ववत होणे म्हणजे शंभरांतील ७३ मुलांस उतारा न वाचता येणे. ही ७३ मुले बहुतांशी कोणत्या घरची असतात, हे शिक्षकांस सांगावयास नको.

त्याच पाहणीतील आणखी एक नोंद लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रामीण भागातील ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली ६५.६ टक्के होते. २०२२ साली ते ७२.९ टक्के झाले आणि २०२४ साली पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. साथीच्या काळात अनेक पालक आपल्या शाळेच्या दारी आले आणि दोन वर्षांत त्यांतील बरेच परत गेले. थोड्या अधिक सुस्थितीतील व अगदी गरीब अशा घरांची मुले एकाच बस्करावर बसण्याचा तो दुर्मिळ योग होता. तो का टिकला नाही, ह्याची चर्चा प्रत्येक केंद्राच्या शिक्षण परिषदेत अवश्य व्हावी.

६. शिक्षकाने काय करावे

पाटाच्या पाण्याचा एक नियम शेतकऱ्यांस ठाऊक असतो. माथ्याकडून पाणी सोडले तर शेपटाच्या शेतापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून शेपटाकडून माथ्याकडे पाळी द्यावी, अशी पद्धत पाटबंधाऱ्यावर सांगितली जाते. शाळेतही आरंभ शेपटाकडून करावा. त्यासाठी पुढील गोष्टी सुचविल्या आहेत.

(अ) वाडीवार पट. हजेरीपटावर जे नाव आहे तेच मूल आपणांस दिसते. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीपूर्वी व पावसाळ्याच्या तोंडाशी, वाडीवाडीने फिरून ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाची नोंद करावी. वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामास जाणारी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात. ती निघण्यापूर्वीच मुलास शिक्षण हमी पत्रक द्यावे व जेथे ती जाणार तेथील शाळेस कळवावे. शक्य असेल तेथे हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकाकडे राहण्याची सोय पालकांशी बोलून ठरवावी.

(आ) पातळीची ओळख. प्रत्येक मुलास एकेकटे जवळ बसवून अक्षर, शब्द, सोपा उतारा व गोष्ट ह्यांपैकी कोठपर्यंत वाचता येते ते पाहावे. तसेच अंकओळख, हातच्याची वजाबाकी व भागाकार ह्यांची पातळी पाहावी. एका मुलास दहा मिनिटे पुरतात. ही परीक्षा गुण देण्यासाठी नाही. आपण कोठून आरंभ करावा हे कळण्यासाठी आहे. मुलासही तसे सांगावे.

(इ) रोज एक तास पातळीप्रमाणे. इयत्ता बाजूस ठेवून, सारखी पातळी असलेल्या मुलांचा एक गट करून त्यांना भाषा व गणित शिकवावे. ह्या तासास पाचवीतील मूल तिसरीच्या मुलाशेजारी बसले तर त्यात कमीपणा नाही, हे वर्गाच्या मनावर बिंबवावे. दोन शिक्षकांच्या व अल्प पटाच्या शाळेत मुले अशीही एकत्रच बसतात. जी गोष्ट आपण एरवी अडचण समजतो तीच येथे सोयीची ठरते.

(ई) मुलीचा पुढचा मार्ग. वाडीवरील शाळा संपली म्हणजे मुलीची शाळाच संपते, असे पुष्कळ ठिकाणी घडते. वरचा वर्ग दूर असतो, वाट रानातून जाते, आणि घरी पाणी व धाकटी भावंडे असतात. पाचवीपासून मुलींना मिळणाऱ्या एस.टी.च्या मोफत पासाची माहिती शिक्षकाने पालकांना स्वतः घरी जाऊन द्यावी व पहिल्या दिवशी शक्य तर मुलीस सोबत करावी. साथीच्या काळात अनेक घरांत मुलींची लग्ने अल्पवयात उरकण्यात आली. असा घाट दिसताच आई-वडिलांशी सामोपचाराने बोलावे. न जमल्यास बालकांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे.

(उ) मातांचा गट. २०२२ पासून शाळापूर्व तयारीच्या निमित्ताने आपल्याकडे माता-पालक गट सुरू झाले. त्यात वाचता येणाऱ्या मातांसोबत न येणाऱ्यांसही बसवावे. मुलाने आईस वाचून दाखवावे व आईने ऐकावे, एवढ्याने आरंभ होतो. ज्या घरचा कर्ता पुरुष साथीत गेला, त्या घरच्या मातेस शासनाच्या साहाय्याची माहिती आपणच द्यावी. कागदपत्रांत तिला आपल्या हस्ताक्षराची मदत होते.

(ऊ) वर्गातील वागणूक. पोषण आहाराच्या पंक्तीत कोण कोणाशेजारी बसते, वाढावयास कोण उठते, पाणी कोण भरते व झाडू कोणाच्या हाती जातो, ह्याकडे शिक्षकाने डोळसपणे पाहावे. ही कामे पाळीने सर्वांना द्यावीत. मुलास त्याच्या नावानेच हाक मारावी. जातीच्या किंवा वाडीच्या नावाने मारू नये. वाचनात मागे असलेले मूल अपमानाने जितके मागे पडते तितके गैरहजेरीने पडत नाही.

येथे कोणी म्हणेल की शिक्षकाकडे आधीच कामांची रास आहे; माहित्या भराव्या लागतात, सर्वेक्षणे करावी लागतात, आणि एकशिक्षकी शाळेत हे सर्व एकालाच करावे लागते. ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच वरीलपैकी सर्व गोष्टी एकदम न करता (आ) व (इ) ह्या दोनच प्रथम कराव्या. त्यांना लागतो तो रोजचा एक तास आणि एक वही.

लहान शाळांविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार पुढे मांडला, तेव्हा नमुना म्हणून तोरणमाळसोबत वेल्हे तालुक्यातील पानशेतच्या शाळेचा दाखला देण्यात आला. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक, सोबती व साधने मिळतात, हे खरे. परंतु पावसाळ्यात ओढा ओलांडता न येणाऱ्या वाडीवरील सहा वर्षांच्या मुलीस तेथे रोज नेणारी गाडी वर्षभर चालेल काय, ह्यावर त्या योजनेची परीक्षा आहे. पटावरील संख्येने खर्च समजतो. विषमता वाढली की घटली, हे त्या मुलीच्या हजेरीवरून समजते. शाळा व्यवस्थापन समितीत असा विषय निघाल्यास शिक्षकाने ही हजेरी पुढे ठेवावी.

७. पाठटाचण

इयत्ता : पाचवी ते सातवी. विषय : परिसर अभ्यास, इतिहास व गणित. वेळ : दोन तासिका.

साहित्य : पुणे व सातारा जिल्ह्यांचा नकाशा, हुलग्याचे दाणे, खडू.

पायरी पहिली. नकाशावर मुलांकडून नायगाव, धनकवडी, मुंढवा, हडपसर व हिंगणे ही ठिकाणे शोधून घ्यावीत. सावित्रीबाईंनी १८९७ साली केलेले कार्य गोष्टीरूपाने सांगावे.

पायरी दुसरी. १९१८ मधील मुंबईचे आकडे पूर्णांकात घ्यावेत : हजारी ८ व हजारी ६२. मुलांनी हुलग्याचे दोन ढीग मांडावेत. मोठा ढीग लहानाच्या किती पट आहे, हे भागाकाराने काढावे.

पायरी तिसरी. "असे का झाले असेल?" हा प्रश्न विचारावा. मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत. येथे शिक्षकाने विशेष जपावे : एखाद्या जातीचे शरीरच दुबळे असते, असा अर्थ कोणाही मुलाच्या मनात राहू देऊ नये. घर, हवा, अन्न, पाणी व उपचार ह्यांकडे चर्चा वळवावी. वर्गातील कोणत्याही मुलाचे घर उदाहरणादाखल घेऊ नये.

पायरी चौथी. घरी जाऊन प्रत्येक मुलाने वडीलधाऱ्यांस विचारावे : "टाळेबंदीत आपल्या वाडीत कोणी कोणास मदत केली?" दुसऱ्या दिवशी उत्तरे एकत्र करून वर्गाची एक वही तयार करावी. ही वही शाळेच्या दप्तरात जपून ठेवावी; पुढील साथीत ती वाचणाऱ्यास उपयोगी पडेल.

शिक्षकांनी विचार करण्यासाठी प्रश्न :

१. आपल्या शाळेत २०२० साली पहिलीत नाव घातलेली किती मुले होती? त्यांतील प्रत्येक मूल आज कोठे आहे?

२. त्यांपैकी किती मुलींनी वाडीवरची शाळा संपल्यावर पुढच्या शाळेत नाव घातले?

३. साथीच्या काळात सुरू केलेली व नंतर बंद पडलेली कोणती चांगली रीत आपण पुन्हा सुरू करू शकतो?

ह्या तीन प्रश्नांची उत्तरे पुढील शिक्षण परिषदेस येताना लिहून आणावीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहावे. केवळ संख्या लिहू नये. यादीत ज्या नावापुढे ‘माहीत नाही’ असे लिहावे लागेल, त्या मुलाच्या वाडीकडे त्याच आठवड्यात एक फेरी करावी. तेथून आपल्या कामास आरंभ होतो.